मापात राहिलेली गंमत: ‘अँट-मॅन अँड द वास्प’

हँक पिम हा वृद्ध शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेची अनेक मजली इमारत रिमोटचे बटण दाबून प्रवासी बॅगेएवढी करतो, तिचा दांडा वर ओढतो आणि चाकांवर ती खडखडवत निघून जातो. रेल्वे स्थानकाबाहेर एखादे निवृत्त गृहस्थ सामान ओढत रिक्षा शोधतात, तितक्याच सहजपणे तो हे करतो आणि पडद्यावरच्या कोणालाही त्यात काही विशेष वाटत नाही. ‘अँट-मॅन अँड द वास्प’ या २०१८ सालच्या चित्रपटातील विनोदाची जातकुळी या एका प्रसंगात दिसते: वस्तू लहानमोठ्या होत राहतात, माणसे मात्र आपल्या रोजच्या स्वभावानेच वागतात. मार्व्हल स्टुडिओच्या मालिकेतील हा विसावा चित्रपट आणि २०१५ सालच्या ‘अँट-मॅन’चा हा दुसरा भाग, दोन्हींचे दिग्दर्शन पेटन रीड यांचे आहे. प्रदर्शित झाला तेव्हा तो चित्रगृहात पाहिला होता, अलीकडे घरी पुन्हा पाहिला. तेव्हा जे आवडले होते आणि जे खटकले होते, ते दोन्ही बऱ्याच अंशी तसेच राहिले आहे.

हलक्याफुलक्या चित्रपटाचे मूल्यमापन करताना परीक्षक सहसा दोन टोकांना जातात. काही जण आशय उथळ असल्याची तक्रार करून गुण कापतात, तर काही जण ‘डोके बाजूला ठेवून पाहा’ असे सांगून सगळे काही माफ करून टाकतात. खरे तर विनोद ही कारागिरी आहे आणि कोणत्याही कारागिरीप्रमाणे तिचे सांधे तपासता येतात. प्रसंग कुठून सुरू होतो, गंमत कोणत्या क्षणी उलगडते, तीच क्लृप्ती दुसऱ्यांदा वापरताना तिच्यात काही भर पडते की नाही, हे पाहायला डोके जागेवरच असावे लागते. या कसोटीवर हा चित्रपट पूर्वार्धात फार चांगला उतरतो आणि उत्तरार्धात अनेकदा अडखळतो, हे माझे मत सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

भारतात तो १३ जुलै २०१८ रोजी आला. त्याआधी जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ने विश्वातील निम्मे जीव एका चुटकीसरशी नाहीसे करून प्रेक्षकांना सुन्न करून घरी पाठवले होते. त्या पार्श्वभूमीवर या चित्रपटाचा नायक स्कॉट लँग (पॉल रड), म्हणजे खास पोशाखाच्या जोरावर मुंगीएवढा किंवा महाकाय होणारा अँट-मॅन, पहिल्या दृश्यांत काय करतो, तर घरात पुठ्ठ्याची खोकी जोडून आपल्या लहान मुलीसाठी मुंग्यांच्या वारुळासारखा चक्रव्यूह उभारतो. मालिकेतील आधीच्या एका चित्रपटात जर्मनीतील विमानतळावर कॅप्टन अमेरिका या नायकाच्या बाजूने लढल्याबद्दल त्याला दोन वर्षांची नजरकैद झालेली आहे, पायात इलेक्ट्रॉनिक कडे आहे आणि सुटकेला तीन दिवस उरले आहेत. या तीन दिवसांत घराबाहेर पडताना सापडला, तर त्याला अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागतील. जगाचे काय होणार हा प्रश्न कथेत कुठेच नाही. बाप तुरुंगात जाणार की मुलीजवळ राहणार, एवढाच आहे. ही जाणीवपूर्वक केलेली निवड आहे आणि चित्रपटाचे अर्धे यश तिच्यात आहे. धोका कळण्याइतका जवळचा असला की विनोदालाही धार येते, कारण दारावर वाजलेली प्रत्येक थाप संकटाची असू शकते.

कथेची दुसरी दोरी हँक पिम (मायकेल डग्लस) आणि त्याची मुलगी होप (इव्हँजेलिन लिली) यांच्या हातात आहे. होपची आई जॅनेट १९८७ साली एक क्षेपणास्त्र निकामी करताना अणूहूनही लहान होत गेली आणि क्वांटम विश्वात हरवली. पहिल्या भागात स्कॉट त्या विश्वात जाऊन जिवंत परतल्यामुळे बापलेकीला आशा वाटू लागते आणि ते तिथवर जाणारा एक बोगदा उभारतात. त्याला लागणारा एक सुटा भाग काळ्या बाजारातील सनी बर्च (वॉल्टन गॉगिन्स) याच्याकडे आहे. बर्चला प्रयोगशाळा हवी आहे, भिंतीतून आरपार जाणाऱ्या घोस्टलाही ती हवी आहे आणि एफबीआयला हँक व होप हवे आहेत. आपल्याकडच्या फार्सिकल नाटकांत एका बॅगेमागे चार जण धावतात आणि दर पाच मिनिटांनी ती भलत्याच्या हाती लागते. इथे त्या बॅगेत आख्खी इमारत आहे, एवढाच फरक.

उपाहारगृहातील मारामारीचा प्रसंग मी घरी दोनदा मागे नेऊन पाहिला. बर्चशी सौदा फिसकटल्यावर होप वास्पच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या, पंखवाल्या पोशाखात येते आणि स्वयंपाकघरात शिरते. एक जण तिच्यावर सुरी फेकतो. ती क्षणार्धात किड्याएवढी होते, त्याच सुरीच्या पात्यावरून धावत जाते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा पूर्ण आकाराची होऊन हाणामारी पुढे सुरू ठेवते. पळणाऱ्या एकाची वाट अडवायची असते, तेव्हा मिठाची बाटली माणसापेक्षा मोठी होऊन आडवी येते. मारामारीचे प्रसंग सहसा ताकदीचे असतात. हा भांड्याकुंड्यांचा आहे, आणि ओट्यावरची प्रत्येक वस्तू कोणत्या आकारात उपयोगी पडेल याचा विचार कोणीतरी बसून केला असल्याचे जाणवते. हे सगळे बाहेर पडद्यावर पाहणारा स्कॉट हिरमुसून विचारतो की हिला पंख दिलेत, मग माझ्या वेळी हे तंत्रज्ञान नव्हते का? होते की, असे हँक शांतपणे सांगतो. सासऱ्याच्या वाटेवर असलेला माणूस होऊ घातलेल्या जावयाला किती ओळखून आहे, हे एवढ्या दोन ओळींत कळते.

आता शास्त्राचा मुद्दा. तो या चित्रपटाला विचारू नये हे मला मान्य आहे, तरी विचारतो. पिम कण अणूंमधील अंतर कमी करतात, म्हणून लहान झालेल्या माणसाच्या ठोशात पूर्ण माणसाचा जोर राहतो, असे पहिल्या भागात सांगितले होते. तसे असेल तर वस्तुमान तेवढेच राहायला हवे आणि हँकची चाकाची बॅग हजारो टन वजनाची असायला हवी. ती ओढणे दूरच, तिच्याखालचा रस्ताच खचेल. उलट बाजूने पाहिले, तर उंची दहापट झाली की हाडांचा छेद शंभरपट होतो आणि वजन मात्र हजारपट वाढते, त्यामुळे ६५ फुटांचा स्कॉट उभा राहण्यापूर्वीच कोसळला पाहिजे. गंमत अशी की दुसरा नियम चित्रपट थोडासा पाळतो: महाकाय झालेला स्कॉट झपाट्याने थकतो, त्याला गुंगी येते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तो बुडू लागतो. पहिला नियम मात्र लेखक सोयीनुसार पाळतात आणि सोयीनुसार विसरतात. मला त्याचा राग आला नाही, कारण विनोदाला लागणारी शिस्त पदार्थविज्ञानाची नसते. एका प्रसंगात जे शक्य आहे ते दुसऱ्या प्रसंगातही शक्य असावे, एवढीच माझी अपेक्षा होती आणि दोन-तीन ठिकाणी चित्रपट तीही पुरी करत नाही. पोशाखाचा नियंत्रक नेमका हवा तेव्हा बिघडतो आणि नेमका हवा तेव्हा सुधारतो.

मूळ कॉमिक्सशी या चित्रपटाचे नाते सैल आहे, पण त्या सैलपणात विचार आहे. हँक पिम ‘टेल्स टु ॲस्टॉनिश’ या नियतकालिकात १९६२ साली प्रथम आला आणि वास्प म्हणजे जॅनेट व्हॅन डाईन १९६३ साली. त्याच वर्षी ‘ॲव्हेंजर्स’चा पहिला अंक निघाला, त्यात ही दोघे संस्थापक सदस्य होती आणि चमूला नाव सुचवण्याचे श्रेयही वास्पकडेच जाते. असे असूनही सुरुवातीच्या त्या अंकांत ती बरीचशी हँकच्या मागेपुढे करणारी, देखण्या पुरुषांवर भाळणारी मुलगी म्हणून रंगवलेली असे. स्कॉट लँग बऱ्याच नंतरचा, १९७९ सालचा. चित्रपटाने पिढ्यांची फेरमांडणी करून हँक आणि जॅनेट यांना आईवडील केले, वास्पचा वारसा मुलीकडे सोपवला आणि तिचे नाव थेट शीर्षकात घेतले. मार्व्हलच्या या चित्रमालिकेत शीर्षकात स्थान मिळवणारी ती पहिली नायिका. हा मान कागदोपत्री नाही. होप स्कॉटपेक्षा चांगली लढते, चांगली गाडी चालवते आणि बहुतेक वेळा योजनाही तिचीच असते. याची किंमत एकच मोजावी लागली: सगळे विनोद स्कॉटच्या वाट्याला गेले. इव्हँजेलिन लिली यांना कर्तबगारी भरपूर दिली आहे, पण चुकण्याची, फजिती होण्याची मुभा दिलेली नाही, आणि विनोदी चित्रपटात ती नसणे म्हणजे पंगतीत बसवून वाढायचे विसरण्यासारखे आहे.

फजितीचा कळस शाळेच्या प्रसंगात आहे. हँकचा जुना पोशाख स्कॉटने एका करंडकात लपवलेला असतो आणि तो करंडक मुलीने वर्गात दाखवण्यासाठी शाळेत नेलेला असतो. तो आणायला स्कॉट आणि होप शाळेत शिरतात आणि तिथे नव्या पोशाखातील बिघाडामुळे स्कॉट पहिलीदुसरीतल्या मुलाच्या उंचीवर अडकतो. मग सापडलेला एक ढगळ सदरा अंगात घालून, चेहरा लपवत तो मार्गिकेतून चालतो आणि मागून एक शिक्षक त्याला वर्गाबाहेर फिरण्याची परवानगी आहे का, असे विचारतात. पॉल रड यांची चाल इथे नीट पाहावी. ते लहान मुलाची नक्कल करत नाहीत. बाह्या हातापेक्षा लांब झालेल्या प्रौढ माणसाने जितके सावरून चालावे तितकेच सावरून चालतात आणि हसू त्यामुळेच येते. गाडीत परतल्यावर हँक त्याला फळांच्या रसाचा डबा आणि चीज हवे का, असे खवचटपणे विचारतो, तेव्हा स्कॉट खरोखरच आशेने विचारतो, आहे का तुमच्याकडे? शेजारी बसलेली माझी नऊ वर्षांची भाची त्या वेळी इतकी हसली की पुढचे दोन संवाद मला ऐकू आले नाहीत.

दुय्यम पात्रांत एफबीआयचा अधिकारी जिमी वू (रँडल पार्क) मला सर्वांत आवडला. स्कॉटला रंगेहाथ पकडणे हे त्याचे काम, पण स्कॉटने नजरकैदेत बसून शिकलेली पत्त्याची जादू पाहिल्यापासून त्याला खरी उत्सुकता आहे ती त्या जादूची. कर्तव्य आणि कुतूहल यांच्यामध्ये अडकलेला हा सरळमार्गी सरकारी नोकर कोणत्याही कचेरीत भेटावा असा आहे. लुईस (मायकेल पेन्या) पहिल्या भागात गाजला होता तो एखादी गोष्ट सांगताना चार वळसे घेण्याच्या सवयीमुळे. त्या कथनात पडद्यावरील सगळी पात्रे त्याच्याच आवाजात, त्याच्याच लकबीने बोलतात. इथे त्याला खरे बोलायला लावणारे औषध टोचले जाते आणि मग तो गप्पच बसत नाही. क्लृप्ती जुनीच, पण तिला नवे कारण मिळाल्यामुळे ती शिळी वाटत नाही, आणि दिग्दर्शकाने ती एकदाच वापरली हेही बरे केले.

मुंग्यांबद्दल थोडे. आपल्याकडे मुंगीला पंख फुटणे हे काही शुभलक्षण मानले जात नाही. इथे पंखांच्या मुंग्या हे स्कॉटचे वाहन आहे, तो त्यांना नावे देतो, आणि खाडीवरून पाठलाग करताना समुद्रपक्षी त्या मुंग्या एकेक करून गट्ट करतात, तेव्हा आपली म्हण अमेरिकेतही खरी ठरते. दुसरीकडे एक माणसाएवढी मुंगी पायात ते इलेक्ट्रॉनिक कडे बांधून स्कॉटच्या घरात त्याचा दिनक्रम पार पाडत असते, त्यात अंघोळ आली आणि ढोल वाजवणेही आले. हा विनोद दोन-तीन छोट्या दृश्यांत विखुरला आहे आणि कुठेही समजावून सांगितलेला नाही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी घोस्टविषयी. कॉमिक्समध्ये १९८७ साली आलेला घोस्ट हा आयर्न मॅनचा शत्रू आणि पुरुष होता; इथे ती एव्हा स्टार नावाची तरुणी आहे. वडिलांच्या प्रयोगात झालेल्या अपघातात तिचे आईवडील गेले आणि तिच्या शरीरातील कण सतत विस्कटत आणि जुळत राहिले. भिंतीतून जाता येते, पण प्रत्येक क्षण वेदनेचा आहे. बरे करण्याचे आमिष दाखवून सरकारी यंत्रणेने तिच्याकडून हत्या करवून घेतल्या आणि आता तिच्याकडे थोडेच दिवस उरले आहेत. हॅना जॉन-केमन यांनी हे दुखणे मानेच्या आणि खांद्याच्या बारीक हालचालींतून दाखवले आहे. इतके तयार पात्र हाती असताना लेखकांना ती दुष्ट ठरण्याची भीती वाटली असावी, म्हणून सनी बर्च आणि त्याचे गुंड आणले गेले. परिणाम असा की पाठलागाच्या ऐन भरात दर तिसऱ्या मिनिटाला बर्च मध्ये येतो आणि घोस्टची गोष्ट तिथेच थांबते. शेवटी क्वांटम विश्वातून परतलेली जॅनेट तिच्या चेहऱ्याला हात लावते आणि तिची वेदना थांबते. दोन तास जिच्या दुखण्यावर कथा उभी आहे, तिच्यासाठी कोणाला काहीच गमवावे लागत नाही, ही लेखनातील आळशी जागा आहे. घोस्टचा सांभाळ करणाऱ्या बिल फॉस्टरच्या भूमिकेत लॉरेन्स फिशबर्न आहेत. हँकशी त्याचे जुने वैर आहे. एका प्रसंगात तो आणि स्कॉट कोण किती उंच झाला होता याच्या गप्पा मारत बसतात, २१ फूट विरुद्ध ६५ फूट, आणि हँक वैतागतो. हा नट एवढ्यावर भागवायचा नव्हता.

दुसरी तक्रार क्वांटम विश्वाची. तिथे जाण्याआधी सगळे जण त्याबद्दल इतके बोलतात की एका ठिकाणी स्कॉट स्वतःच विचारतो, तुम्ही प्रत्येक गोष्टीपुढे ‘क्वांटम’ लावता का? लेखकांना दोष कळलेला आहे हे यातून दिसते, पण दोष दाखवून हसले म्हणून तो नाहीसा होत नाही. प्रत्यक्ष ते विश्व रंगीत ढगांच्या पलीकडे फारसे जात नाही. मिशेल फायफर यांच्या वाट्याला पडद्यावरचा वेळ फार कमी आला आहे, आणि त्यांच्या पात्राचा सर्वोत्तम प्रसंग त्यांनी केलेलाच नाही, ही या चित्रपटातील विचित्र पण खरी गोष्ट आहे. जॅनेट काही मिनिटांसाठी स्कॉटच्या शरीरातून बोलते, तेव्हा पॉल रड तीस वर्षांनी नवऱ्याला आणि मुलीला भेटणारी बायको उभी करतात. ते हँकच्या गालाला हात लावतात आणि डग्लस यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी अवघडलेपण आणि ओळख पटल्याची कालवाकालव दिसते. प्रेक्षक हसता हसता थांबतात, अशी ही चित्रपटातील एकमेव जागा.

तिसरी तक्रार पाठलागाच्या लांबीची. सॅन फ्रान्सिस्कोतील लोंबार्ड स्ट्रीटच्या नागमोडी वळणांवर लहान होणाऱ्या आणि पुन्हा मोठ्या होणाऱ्या गाड्यांची कल्पना झकास आहे, मागच्या मोटारसायकलस्वारावर गोळ्यांची खेळण्यातली डबी महाकाय करून फेकणे त्याहून झकास. मात्र पहिल्या भागाचा शेवट एका मुलीच्या शयनगृहात, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांवर झाला होता. इंजिन अंगावर येताना प्रचंड वाटते आणि पुढच्याच क्षणी ते रुळांवरून टुपकन पडलेले दिसते. त्या एका कॅमेऱ्याच्या कोनाची सर इथल्या रस्तोरस्तीच्या धावपळीला येत नाही. भारतीय प्रेक्षकाला आणखी एक अडचण येते, तिचा दोष चित्रपटाचा नाही. हॉलिवूडच्या चित्रपटाला मध्यंतर नसते आणि आपल्याकडे ते पाडले जाते. मी पाहिला त्या चित्रगृहात ते चक्क एका वाक्याच्या मधोमध पडले आणि विनोदाचा शेवट मी हातात पॉपकॉर्न घेऊन दहा मिनिटांनी ऐकला. विनोदाचे आयुष्य अर्ध्या सेकंदाच्या अचूकपणावर असते, हे ती पट्टी कापणाऱ्याला कोणी सांगावे?

११८ मिनिटांच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ६२ कोटी डॉलरचा व्यवसाय केला, पहिल्या भागाने सुमारे ५२ कोटींचा. तिसरा भाग २०२३ साली आला, त्याच दिग्दर्शकाचा, पण त्यात लुईस नाही, सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते जेमतेम आहेत आणि जवळजवळ सगळी कथा त्या क्वांटम विश्वात घडते. त्याची कमाई तिन्हींत सर्वांत कमी झाली. दुसऱ्या भागात ज्या घरगुती गोष्टी मला मोलाच्या वाटल्या, त्याच तिथे काढून टाकलेल्या आहेत.

घरी पाहणाऱ्यांसाठी काही सूचना. आधी पहिला भाग पाहावा, नाहीतर हँक आणि स्कॉट यांच्यातील टोमणे निम्मे वाया जातात. जर्मनीतील विमानतळाचा संदर्भ मात्र माहीत नसला तरी अडत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन पाहण्यास हरकत नाही. घोस्टच्या वेदनेची दृश्ये थोडी भेसूर आहेत, पण रक्तपात जवळजवळ नाही. आणि कथा संपते ती शेवटच्या श्रेयनामावलीच्या आधी. स्कॉट, होप आणि मुलगी अंगणात काडेपेटीएवढ्या झालेल्या गाडीत बसले आहेत आणि समोर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपवर, खुल्या मैदानातल्या चित्रपटगृहात बसावे तसे, १९५४ सालचा महाकाय मुंग्यांचा कृष्णधवल चित्रपट पाहत आहेत. नामावलीच्या मध्यात येणारा प्रसंग ‘इन्फिनिटी वॉर’च्या हिशेबातला आहे आणि तो या तिघांच्या संध्याकाळवर पाणी ओततो. घरात लहान मूल असेल तर रिमोट हाताशी ठेवून त्या अंगणातच चित्रपट थांबवावा, पुढचे उद्या दाखवता येईल.